सापाला नमस्कार

अ‍ॅशबर्न, अमेरिका, १२ ऑक्टोबर २००५

प्रिय सौ. मालतीस, सोनेरी पानगळीतून सप्रेम आशीर्वाद.

मी मजेत आहे. गोळ्या वेळेवर घेतो, बहुतेक. तुझा गुडघा कसा आहे? खरं लिही.

काल आपल्या नैनाच्या वर्गात एक बाई जिवंत प्राणी दाखवायला आल्या. आजोबांनाही बोलावणं होतं. नातीनं आधीच बजावलं, "आजोबा, प्लीज, तिथे कविता नको. सगळे हसतात."

बाईंनी पेटीतून लांबलचक साप काढला. ओठांवर आलेली कविता मी गिळली, पण हात मात्र आपोआप जोडले गेले. पोरं माझ्याकडे बघू लागली. नैनानं मान खाली घातली. वाटलं, आता ही मला पुन्हा कुठे नेत नाही.

तेवढ्यात तीच उठून इंग्रजीत म्हणाली, "आमच्याकडे सापाला आधी नमस्कार करतात." बाई खूश! वीस पोरांनी हात जोडले, मगच त्याला बोट लावलं.

साप दूध पीत नाही, असंही बाई म्हणाल्या. तुझी नागपंचमीची वाटी आठवली.

घरी येताना नैनानं विचारलं, "पुढच्या महिन्यात घुबड येणार आहे. आपल्याकडे घुबडाला काय करतात?"

अशुभ म्हणून हाकलतात, हे सांगवेना. तूच काही चांगलं आठवून लवकर कळव.

तुझाच,
एकनाथ