हापशाची साक्ष

बाबा, झांबियाहून येऊन मला आज नऊ दिवस झाले आणि नऊही दिवस मी तुमच्यावर चिडलेली आहे. तुम्हाला जाऊन सव्वीस वर्षं झाली, मेलेल्या माणसावर एवढं चिडू नये, हे मला कळतं. पण परवा पाळकसाहेब घरी आले, चहा प्याले आणि म्हणाले, "ताई, येत्या रविवारी प्रवासाची साक्ष तुम्ही द्या. प्रभूनं तिथं काय केलं ते मंडळीला सांगा." मी हो म्हणाले. ते गेल्यावर कपबशी विसळताना वाटलं, हो म्हणायला नको होतं. कारण साक्ष म्हटलं की मला तुम्ही आठवता. कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून देवळात मंडळीपुढं उभे राहिलेले, आणि खोटं बोलणारे.

खोटं कसं, तेच लिहायला बसले आहे. मिशनच्या हापसे दुरुस्तीच्या गाडीवर तुम्ही मिस्त्री. आईची शनिवारी दवाखान्यात ड्युटी असली की मला गाडीत घ्यायचात. मला ते फार आवडायचं. पान्यांची पेटी पायाशी आणि मांडीवर वायसरांचा डबा. हापशाच्या पोटात, खोल खाली, हे चामड्याचं वायसर असतं. ते झिजलं की दांडा कितीही हाणा, पाणी वर चढत नाही. डब्यातली संपली की तुम्ही जुन्या चामड्यातून घरीच कापायचात, गोड्या तेलात भिजवून साच्यात दाबून ठेवायचात. मी आठ-नऊ वर्षांची होते, पण मला सगळं पाठ होतं. त्या शनिवारी आपण वडीगोद्रीच्या पुढं, सडक सोडून आत, एका गावाला गेलो. नाव लिहीत नाही, तिथली पोरं आज माझ्या मुलीबरोबर कॉलेजला असतील. भर उन्हात चार तास खपून तुम्ही पाइप काढले, वायसर बदललं, पाइप परत उतरवले. पाणी आलं. माझ्या घशाला कोरड पडली होती, मी धावत जाऊन दांड्याला हात घातला. तसा धोतरातला एक म्हातारा कडाडला, "ए पोरी, हात नको लावू! मिस्त्री, तुमची पोरगी आवरा." तुम्ही मला मागं ओढलंत. "बाई, खाली बस. ओंजळ धर. पी जल्दी." मग एका बाईनं हातभर उंचावरून कळशीतलं पाणी माझ्या हातात ओतलं. तुम्ही दुरुस्त केलेल्या हापशाचं पाणी, बाबा! चामड्यातून चढलेलं पाणी त्या गावाला चालत होतं, आपल्या हाताचं चालत नव्हतं.

गाडीत मी विचारलं, असं का? तुम्ही म्हणालात, "काम झालं ना बराबर? मंग गप बस." आणि दुसऱ्या दिवशी उपासनेत उभे राहून तुम्ही साक्ष दिलीत, "काल एका गावात प्रभूनं पाणी दिलं. लोक लई खूश झाले. आम्हीबी पोटभर प्यालो." मंडळी हालेलूया म्हणाली. मी पहिल्या सतरंजीवर बसून तुमच्या तोंडाकडे बघत होते. त्या दिवसापासून मी देवळात नुसते ओठ हलवले. लग्न तिथंच झालं, पोरांचे बाप्तिस्मे झाले, महिला मंडळाची सेक्रेटरीसुद्धा झाले. बाहेरून सगळं ठाकठीक, आत खडखडाट. चाळीसहून जास्त वर्षं.

या प्रवासाला तरी मी कुठं आपणहून निघाले होते? सुवार्तेसाठी झांबियाला निघालेल्या मंडळीतल्या सहा जणांतली एक आजारी पडली, पासपोर्ट माझ्याकडे होता, म्हणून बियाणं कंपनीतून रजा काढून मी गेले. पहिला आठवडा नुसता वैताग. पोट बिघडलं, गाडी दोनदा बंद पडली, दोघींचं आपसात भांडण झालं. पाळकसाहेब उठता-बसता "आनंद करा ताई, आनंद करा" म्हणायचे, आणि मला वाटायचं, यांना इथंच ठेवून घरी जावं. मग आम्ही एका खेड्यात तीन दिवसांच्या सभेला पोचलो. चर्चच्या अंगणात हापसा होता. माझे पाय जागच्या जागी थांबले. तोच दांडा, तीच साखळी. आपल्याकडचाच हापसा, माझ्या आधी समुद्र ओलांडून येऊन बसलेला. आणि बंद! गावात एक म्हातारा मिस्त्री होता, पाने होते, सगळं होतं. वायसर मिळत नव्हतं म्हणून पाच महिने तो तसाच उभा होता. बाया पहाटे ओढ्यावरून गढूळ पाणी आणत आणि मग येऊन आमची गाणी ऐकत.

मी म्हटलं, वायसर मी कापते. पाळकसाहेब म्हणाले, "ताई, आपण आत्म्यांसाठी आलोय, लोखंडासाठी नाही." माझा पारा चढला. "साहेब, बाया दोन कोस चालून राह्यल्या, आन् आपण त्यायला जिवंत पाण्याचं गाणं शिकवून राह्यलो. लाज न्हाई वाटत? तुमची बायबलची पिशवी द्या इकडं." चांगली जाड चामड्याची पिशवी होती ती. त्यांचा चेहरा लाल झाला. मग त्यांनी बायबल काढून छातीशी धरलं आणि पिशवी माझ्या हातात दिली. तेवढं मी त्यांचं मानते. एक रात्र चामडं तेलात ठेवलं. दुसऱ्या दिवशी म्हाताऱ्या मिस्त्रीनं पाने लावले, दहा बायांनी एका सुरात ओढून पाइप वर घेतले, वायसर बसवून परत उतरवले. दुपारी पाणी आलं, आधी तांबडं, मग स्वच्छ.

एक बोळकी म्हातारी पाण्याचा मग भरून पहिल्यांदा माझ्याकडे आली. आणि मी काय केलं ठाऊक आहे, बाबा? मी खाली बसले आणि ओंजळ धरली. पन्नाशी उलटलेली बाई, कंपनीत वीस माणसांवर सुपरवायझर! कुणी सांगितलं नव्हतं, हात आपसूक गेले. तिला वाटलं, मला हात धुवायचेत. तिनं थोडं पाणी ओतलं. मी तशीच बसलेली. तशी ती हसली, हातातला तो अख्खा मग तिनं माझ्या ओंजळीत ठेवला आणि माझी बोटं त्याच्याभोवती दाबून बसवली. मी अर्धा प्याले. उरलेला तिनं घेतला, आणि जिथं माझं तोंड लागलं होतं तिथंच तोंड लावून पिऊन टाकला.

मला हसू फुटलं. थांबेचना. चिखलात बसून मी हसत होते, सगळ्या बाया हसत होत्या, आणि मला आतून भरून येऊन राहवेना. मी मोठ्यानं म्हणाले, "प्रभू, लई उशीर केला." माझी पहिली खरी प्रार्थना ती, आणि तीही भांडणाची. पण त्याला मी दिसत होते, याची त्या क्षणी मला तिळमात्र शंका नव्हती. अजून नाही.

म्हणून तर तुमच्यावर जास्त राग आहे. ती ओंजळ तुम्ही माझ्या हाडात घातलीत. हातात पाना होता तुमच्या. वायसर काढून खिशात घातलं असतं, तर गाव हाता-पाया पडलं असतं. ते नाही जमलं तर नाही, पण निदान दुसऱ्या दिवशी देवापुढं तरी खरं बोलायचं होतं. रविवारी मी सगळं सांगणार आहे, तुमची साक्ष खोटी होती हेसुद्धा.

फक्त एक आहे. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली, मुलीला सांगितली, प्रत्येक वेळी अशी की तुम्ही मला एकटीलाच खाली बसवलंत. तसं नव्हतं. तुम्हीही माझ्या शेजारी चिखलात बसला होतात. माझी बोटं लहान, पाणी गळत होतं, आणि माझ्या ओंजळीखाली तुम्ही तुमची ओंजळ धरली होतीत. गळलेलं तेवढंच तुम्ही प्यालात, वेगळं मागितलं नाहीत. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. वर या पत्रातसुद्धा लिहिलं नाही, बघा.