वहिनींचा गुडघा

प्रिय वहिनी,
सप्रेम जय भीम.

१. अलंग, मदन, कुलंग असे तीन किल्ले करायचे होते. अलंग आपण दोघी ग्रुपबरोबर चढलो.
२. मदनच्या उभ्या कातळाखाली मी थांबले. दोर मीच तपासला होता, तरी पाय उचलेना.
३. तुम्ही लीडरला म्हणालात, “माझा गुडघा धरलाय बगा. आमची ननंद थांबंल माझ्यासंगं.” आपण दोघी खाली उतरलो.

उतरताना माझी सॅकही तुमच्याच पाठीवर होती. गुडघा धरला की माणूस असं उतरत नाही.

येडशीला घरी दादा सगळ्यांसमोर तुम्हाला हसला, “म्हणलं व्हतं ना, तुला झेपायचं न्हाय!”

“व्हय, न्हाय झेपलं. जेवा आता,” तुम्ही म्हणालात. मी ताट पुढे ओढलं. आता जानेवारीत पुन्हा जायचं म्हटलं, तर तो मला हो म्हणतो आणि तुम्हाला नाही.

बांधकामाच्या साइटवर माझा शब्द चालतो. मी भ्याले, हे मला कुणालाच सांगता आलं नसतं. तुम्ही ते न विचारता ओळखलंत आणि झाकलंत. मी आभारी आहे. एवढंच सांगायला आधी दोन पत्रं लिहिली, पाठवली नाहीत.

दादाला खरं मीच सांगणार आहे. जानेवारीत माझ्याबरोबर मदनला याल का? रविवारपर्यंत कळवा.

तुमची,
चैताली