नातीच्या पोटासाठी सहा चाळीसचा भोंगा

प्रति,
मा. व्यवस्थापक,
खिळे कारखाना, मुख्य फाटक.

विषय : संध्याकाळी सहा चाळीसचा भोंगा अर्जदाराच्या नातीचे पोट साफ होण्यासाठी पुन्हा सुरू करणेबाबत.
संदर्भ : फाटकावरील सूचना, "सर्वांकडे मोबाइल असल्याने भोंगा बंद."

महोदय,

अर्जदार आपल्याच कारखान्यातून आवक-जावक कारकून म्हणून निवृत्त झाला आहे. बत्तीस वर्षे त्याने दुसऱ्यांच्या अर्जांवर शिक्के मारले, स्वतः एकही अर्ज केला नाही. रजासुद्धा तोंडीच मागितली. तरी चूकभूल पदरात घ्यावी.

१. अर्जदाराची नात पाच वर्षांची असून घरी तिला ठिणगी म्हणतात. तिच्या मोठ्या आतड्याच्या शेवटच्या भागात जन्मतः मज्जातंतूच नव्हते. तो भाग डॉक्टरांनी काढला, पण उरलेल्या आतड्याला पुढे ढकलायची अक्कल अजून आलेली नाही. म्हणून अर्जदाराची सून, डॉक्टरांनी शिकवल्याप्रमाणे, रोज ठरल्या वेळी खालून मऊ नळी घालून कोमट मिठाच्या पाण्याने पोट धुऊन काढते. यात खाडा झाला की पोट फुगते, ताप चढतो आणि आमची वरात थेट रुग्णालयात.

२. नळी दिसली की ठिणगी श्वास कोंडून अंग आवळून घेई. सुनेच्या नाकी नऊ आले, मदतीला घरी येणाऱ्या नर्सबाईंनीही हात टेकले. अशात एकदा आपला भोंगा वाजला. ठिणगीने त्याच्याबरोबर "भोंऽऽऽ" असा सूर लावला आणि महोदय, नळी अलगद आत गेली! नर्सबाई म्हणाल्या, तोंडाने हवा सोडली की खालचे स्नायूही सैल पडतात. नळीला अर्धे मिनिट लागते, भोंगा पाऊण मिनिट वाजतो. इतका चोख माल आपल्या कारखान्यातून दुसरा निघत नाही, खिळे धरून. पुढे अकरा महिने सगळे सुरळीत होते. ठिणगीचा वारा सरला की आमच्या घरात टाळ्या पडत.

३. महिन्यापूर्वी भोंगा बंद झाला. फोनवर भोंग्याचा आवाज लावून पाहिला, तर ठिणगी म्हणाली, "हा खोटारडा आहे!" कुकरची शिट्टी फार तोकडी पडली. अर्जदार स्वतः भोंगा झाला. परंतु त्याचा दम नऊ सेकंदांत संपून खोकला लागतो आणि ठिणगी हसत मोरीभर लोळते. शेवटी मुलाने स्कूटर दोन जिने चढवून मोरीच्या दाराशी आणली. हॉर्न झकास वाजला, मात्र खालच्या मजल्यावरच्या घड्याळजींच्या छताचा पोपडा त्यांच्या चहात पडला.

४. गेल्या आठवड्यात सलग तीन दिवस नळी गेली नाही. पोट दगडासारखे झाले, ताप चढला, चार दिवस रुग्णालयात काढले. पुन्हा असे झाले तर पोटाला भोक पाडून बाहेर पिशवी लावावी लागेल, असे डॉक्टरांनी बजावले आहे. अर्जदार घाबरला आहे, साहेब. खरेच घाबरला आहे.

५. तरी (अ) भोंगा रोज पाऊण मिनिट वाजवावा, रविवारीही. आतड्याला साप्ताहिक सुटी नसते. (आ) ते न जमल्यास भोंगाच उसना द्यावा, गच्चीवर बसवू. जावक नोंद अर्जदार स्वतः करील. (इ) तेही न जमल्यास आपण जातीने येऊन ओरडावे. आपला आवाज तिन्ही पाळ्यांना ठाऊक आहे.

६. वरील मजकूर काल दुपारी लिहून सह्यांसाठी इमारतीत फिरवला. काल संध्याकाळी घड्याळजी जिन्यात घड्याळ धरून उभे राहिले. सहा चाळीसला त्यांनी हात वर केला आणि अख्खी इमारत खिडक्यांतून भोंगा झाली! एकाचा दम संपला की दुसरा सूर धरी. आत ठिणगीही ओरडली. नळी गेली. सून बाहेर येऊन पायरीवर बसली आणि ढसाढसा रडली. आमचा जीव भांड्यात पडला. आज मात्र तिघांचे घसे बसले असून इमारतीतल्या शिक्षिकाबाईंनी दिवसभर वर्गात खुणांनी शिकवले.

साहेब, अख्ख्या इमारतीचा दम मिळून पाऊण मिनिटाचा आहे आणि पोरीला अजून सगळे आयुष्य काढायचे आहे. म्हणून भोंगा हवा.

आपला नम्र व तूर्त आवाज गेलेला,
ठिणगीचा आजोबा
(निवृत्त आवक-जावक कारकून)

दिनांक : १४, सायंकाळचे सहा. चाळीस मिनिटे शिल्लक.

सोबत : डॉक्टरांचे पत्र, चोवीस रहिवाशांच्या सह्या.