पंखा आणि माझे कान

प्रिय शहाण्या,

फोनवर तू मला एक वाक्य पुरं करू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले आहे. कागदाला मधेच तोडता येत नाही. आधी लॅपटॉपचं सांगते, मग तुझं.

मागच्या खेपेला आलास आणि मी नको नको म्हणत असताना तो जेवणाच्या टेबलावर उलटा करून उघडलास. आतली धूळ काढतो म्हणालास. तेव्हापासून सुरू केला की पंखा जो घरघरायला लागायचा तो बंद करेपर्यंत थांबायचा नाही, आणि पडद्यावर इशारा, की यंत्र फार तापलंय. हात लावून बघावं तर गार. तुला सांगितलं तर म्हणालास, आई, आतलं तापमान हाताला कळत नसतं. मी जन्मभर दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत तापमानाच्याच नोंदी घेतल्या, पण इंजिनिअर तू. मग बाजारातल्या दुकानात नेला, तर त्या माणसानं झाकणही न उघडता मदरबोर्ड गेलाय, नवीनच घ्या म्हणून सांगितलं. उचलली जीभ लावली टाळ्याला. तिथे मात्र माझं डोकं फिरलं.

डेअरीतली ती गोष्ट तू लहानपणी पुन्हा पुन्हा सांगायला लावायचास. मोठ्या टाकीचा तापमापक बिघडला, काटा म्हणाला दूध करपलं, आणि साहेबांनी न चाखता अख्खी टाकी गटारात सोडायला लावली. तळाशी उरलेलं मी चाखलं, तर चांगलं गोड दूध. त्यानंतर आमच्याकडे नियमच झाला, की एका काट्याच्या सांगण्यावरून काही ओतायचं नाही. आधी दुसऱ्या वाटेनं खात्री करायची.

तेच केलं. रात्रभर बंद असलेला लॅपटॉप सकाळी सुरू केला आणि लगेच तापमानाचा आकडा बघितला. अठ्ठ्याण्णव. चहाचं आधणसुद्धा इतक्या लवकर तापत नाही. जाळीतून येणारा वारा तर थंडगार. म्हणजे यंत्राला काही झालेलं नाही, मोजणारा खोटं सांगतोय, आणि पंखा बिचारा हुकमाचा ताबेदार. तुझ्या बाबांचा चष्म्याचा स्क्रूड्रायव्हर काढला आणि मागचं झाकण उघडलं. दोन स्क्रू मुळात नव्हतेच, ते नंतर फळांच्या वाडग्यात सापडले. तू ठेवले होतेस. पंख्याशेजारी तापमान मोजणाऱ्या सेन्सरची बारीक वायर जागेवरून निघून आली होती. ती कुणाच्या हातून निघाली ते मी लिहीत नाही. नखानं दाबली, बसली. आता घरात इतकं शांत आहे की स्वयंपाकघरातला नळ ठिबकतो तेही बाहेरच्या खोलीत ऐकू येतं.

आता तुझं. दर रविवारी लॅपटॉपवर व्हिडिओ कॉल करता तेव्हा त्या घरघरीत मी काय, काय करत होते, तर तुम्ही ठरवलंत की हिचे कान गेले. तुम्हाला ऐकू जावं म्हणून ओरडून बोलले, तर सूनबाई म्हणाली आईंची चिडचिड वाढलीय. एकदा त्याच आवाजात दाराची बेल ऐकू आली नाही आणि कुरिअरवाला परत गेला, तर तू शेजारणीकडे किल्ली देऊन ठेवलीस. मला न विचारता. कानाच्या डॉक्टरांनी कान ठणठणीत आहेत म्हणून लिहून दिलं, ते तुला पाठवलं, तर म्हणालास दवाखान्यात शांतता असते गं. परवा नातीनं विचारलं, आजी, मी कितवीत आहे ते तुला आठवतं का? पोरीच्या डोक्यात हे कुणी घातलं? बिघाड तुझ्या हातचा आणि निदान माझं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

हे सगळं मी तू शनिवारी आलास की हसत हसत सांगणार होते. पण काल सकाळी एक माणूस किल्लीनं दार उघडून आत आला आणि टेपनं खोल्या मोजायला लागला. मी दारामागेच उभी होते, कुलपात किल्ली फिरताना ऐकली होती. माझ्याकडे बघून तो दचकला. म्हणाला, घर विकायचंय म्हणून तुमच्या मुलानं पाठवलंय, शेजारून किल्ली घे म्हणाले, बेल वाजवून उपयोग नाही, आईंना ऐकू येत नाही. त्याला मी बाहेर काढलं आणि आतून कडी लावली. राग आला, आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटलं. ती दुधाची गोष्ट इतक्या वेळा ऐकलीस, आणि तूही न चाखताच ओतायला निघालास. घर माझ्या नावावर आहे. ते विकायचं नाही आणि मी कुठेही जाणार नाही. शेजारणीकडची किल्ली मी परत आणली आहे. शनिवारी तू येणार आहेस, तर ये, तुझ्या आवडीचं करून ठेवते. तुझ्याकडची किल्लीही घेऊन ये आणि टेबलावर ठेव. पण दार त्या किल्लीनं उघडू नकोस. बेल वाजव. मी येते उघडायला.

तुझीच,
आई