प्रस्थानाची बॅग

रविवार, ७ डिसेंबर २०२५. चहा झाल्यावर.
ट्रिप फायनल. शनिवारी पहाटे पाचला बुऱ्हाणपूरच्या लालबागहून कूच. दुपारी अमरावती, अंबादेवी, थोडी खरेदी. रविवारी चिखलदरा. थंडी, कॉफी, पॉइंट. संध्याकाळी घरी. मेंबर चार : मी (लीडर), बायको छाया, आई, मुलगी रश्मी.
छायाने अट घातलीय. आमची ओंकारेश्वरची ट्रिप सनावदच्या पंक्चरवाल्याकडे संपली, ते ती विसरायला तयार नाही. (स्टेपनी डिकीत फार जागा अडवत होती, म्हणून मीच काढून ठेवली होती. विचारपूर्वक.) हीपण फिसकटली तर यापुढे लीडर ती, आणि मी गप बसायचं. हसून मान्य केलं. पेपर मिलच्या डिस्पॅचमध्ये सतरा वर्षं आहे मी. एक रीम इकडची तिकडे झालेली नाही.
संकल्प : घाटात छायाला स्टिअरिंग द्यायचं नाही. लायसन्स मिळून आठच महिने झालेत.

मंगळवार, ९ डिसेंबर
यादी तयार. बेचाळीस आयटम, प्रत्येकापुढे चौकोन. रश्मी म्हणाली, पापा, इतना तो शादी में भी नहीं लगता. बारावं वर्ष, दुर्लक्ष केलं.

गुरुवार, ११ डिसेंबर
आईने खोडा घातला. शनिवारी पूर्वेला दिशाशूल, अमरावती पूर्वेला. 'शनवारी पूर्वेले जात नसतात, मनोज.' मी सायन्सवाला माणूस. पण आईशी वाद घालण्यात वेळ जातो.
तोडगाही तिच्याकडेच होता. प्रस्थान ठेवायचं. म्हणजे आदल्या दिवशी चांगली वेळ बघून आपलं थोडं सामान दुसऱ्याच्या घरी नेऊन ठेवायचं. प्रवास तेव्हाच सुरू झाला असं धरतात, मग शूल लागत नाही. सामान परत घरी आणायचं नाही, जाताना तिथूनच उचलायचं. सिस्टिम पटली. हा तर ॲडव्हान्स डिस्पॅच.

शुक्रवार, १२ डिसेंबर. संध्याकाळी ६.४०
प्रस्थान ठेवलं. भास्कररावांकडे, आमच्या पूर्वेला तिसरं घर. आई म्हणाली होती, एक टॉवेल आणि तांदळाची पुडी पुरे. पण अर्धवट काम माझ्या स्वभावात नाही. कपडे, स्वेटर, ड्रायव्हिंगचा चष्मा, बीपीच्या गोळ्या, आधार कार्ड, लायसन्स, सगळं बॅगेत. लीडर सेफ तर ट्रिप सेफ.
यादीतला पहिला आयटम, 'माझी बॅग', खोडला. निघालेला माल पेंडिंगमध्ये दाखवायचा नसतो. हे नव्या पोरांना कळत नाही.

शनिवार, १३ डिसेंबर. पहाटे ५.१०
फक्त दहा मिनिटं लेट. एक्केचाळीस चौकोन, एक्केचाळीस टिकमार्क. छायाने विचारलं, सगळं घेतलं ना? मी यादीच पुढे केली.

दुपारी १.३०. अमरावती, हॉटेलचं काउंटर.
किरकोळ अडचण. मॅनेजर आधार मागतोय. आधार बॅगेत. बॅग भास्कररावांकडे.
म्हणजे चष्माही तिकडेच. वाटेत सेमाडोहच्या जंगलात धुकं फार आहे, असं मी दोनदा म्हणालो होतो. छाया दोन्ही वेळा म्हणाली होती, कुठंय धुकं?
बाकी तिघींचे आधार छायाच्या मोबाइलमध्ये आहेत. माझं नाही, कारण मोबाइलवर माझा विश्वास नाही. मॅनेजर म्हणतो, तिघींना रूम मिळेल. आई म्हणाली, प्रस्थान मागे टाकणाऱ्याने डोंगर चढू नये.
निर्णय (माझा) : रेल्वेने बडनेरा, भुसावळ, बुऱ्हाणपूर. बॅग घ्यायची, उद्या सहाच्या बसने निघायचं, दुपारी चिखलदऱ्यात हजर. तोपर्यंत गाडी छायाकडे. फक्त तोपर्यंत.

रविवार, १४ डिसेंबर. सकाळी ९.५०
मुक्काम भास्कररावांकडे. आमच्या घराच्या किल्ल्या छायाच्या पर्समध्ये गेल्यात. आता जाग आली. बरंच झालं, अपुऱ्या झोपेवर प्रवास करू नये. पुढची बस साडेअकराला.

दुपारी १.१५
भास्कररावांच्या यमुनावहिनींनी वरण-बट्टी केली होती. 'भाऊजी, उपाशी जातं का कोणी?' म्हणाल्या. माणसांपेक्षा बस मोठी नाही. तुपात बुडवलेल्या चार बट्ट्या. यानंतर घाट चढणं तब्येतीला बरं नाही. गोळी मात्र वेळेवर घेतली, बॅग हाताशीच आहे.

दुपारी ३.००
रश्मीने व्हिडिओ पाठवला. छाया घाटात गाडी चालवतेय. वळणावर हॉर्न, गिअर बरोबर दुसरा. शेवटी ट्रेनिंग माझंच. (घाबरू नकोस, असं मी तिला मार्चमध्ये सांगितलं होतं.)
मग फोटो आला. देवी पॉइंट, तिघी, तीन कॉफी. आईने छायाची ओढणी डोक्याला घट्ट गुंडाळलीय. छाया इतकी मोकळी हसतेय, की तशी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नव्हती. खरं लिहायचं तर मला त्या फोटोत असायचं होतं.
फोन लावला. म्हटलं, आज रविवार, पश्चिमेला शूल, आई निघणार कशी? मुक्काम वाढवा, उद्या मी येतो. छाया हसायलाच लागली. आईने फोन घेतला. 'आमचं प्रस्थान कालच ठेवेल आहे ना पश्चिमेले. भास्करच्या घरी.'
मी विचारलं, कोणतं सामान?
म्हणाली, 'तू.'

संध्याकाळी ७.४०
गाडी आली. एक ओरखडा नाही. टॉर्च लावून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं. छाया उतरली, भास्कररावांच्या ओसरीवरून आधी बॅग उचलली. मग मला म्हणाली, चला.

सोमवार, १५ डिसेंबर
पुढची ट्रिप पचमढी, २४ जानेवारी. लीडर छाया. पुन्हा शनिवार, पुन्हा पूर्व. प्रस्थानाची जबाबदारी सर्वानुमते माझ्यावर. अनुभव बघूनच दिली असणार.
बॅग कोणती भरू, विचारलं. आई म्हणाली, बॅग नको, भास्करची खाट मोकळी आहे.
मी छायाला विचारलं, पण जाताना मला तिथून उचलणार ना?
म्हणाली, बघू, यादीत असलात तर.