ठोकळ्यांचं स्वयंपाकघर

आये, लॅपटॉप म्हणजे काय ते आधी सांगतो, नाहीतर पुढचं काहीच तुला कळणार नाही. तो वहीसारखा उघडतो. वरच्या पानावर टीव्हीसारखा पडदा असतो आणि खालच्या पानावर टाईप करायची बटणं. माझा जुना आहे, कंपनीतल्या एका साहेबांच्या मुलाने वापरून सोडलेला, खास गेम खेळण्यासाठी बनवलेला. म्हणून तो जड आहे, लवकर तापतो, आणि बटणांखाली लाल दिवे लागतात. बाबा तो पहिल्यांदा बघून म्हणाले होते, "देवाजवल ठेवायचा काय हा?" त्याच्या आत एक चकती असते, पुरीएवढी. ती गरगर फिरत राहते आणि एक बारीक काटा तिच्यावरून पुढेमागे सरकत लिहिलेलं वाचतो, नवीन लिहितो. जे काही साठवायचं ते सगळं त्या चकतीवर. ती चकती बिघडली, म्हणून तुला लिहायला बसलोय. एवढ्या वर्षांनी लिहायला हे कारण विचित्र आहे, मला कळतं. पण त्या चकतीवर तुझं स्वयंपाकघर होतं.

शिरगावचं आपलं घर आता नाही. तू गेल्यावर काही वर्षांनी भरतीचं पाणी ओट्याखालची वाळू नेत गेलं, मागची भिंत कलली, आणि आम्ही दोघं उमरोळीला भाड्याच्या दोन खोल्यांत आलो. घराचे फोटो म्हणशील तर आत्याच्या हळदीचे आहेत, त्यांत अंगण दिसतं, मंडपाचा खांब दिसतो, तुझा अर्धा पदर दिसतो. स्वयंपाकघराचा फोटो कुणी काढून ठेवत नाही. मी लॅपटॉप घेतला तो मारामारीचे गेम खेळायला, आणि खेळलोही. पण त्यात एक वेगळा गेम होता. त्यात मोकळी जमीन मिळते आणि मातीचे, लाकडाचे, दगडाचे चौकोनी ठोकळे मिळतात. ते रचून काय हवं ते बांधायचं. बाकीची मुलं किल्ले बांधतात. मी काही ठरवलं नव्हतं, पण पहिला ओटा झाला तो आपल्या घरासारखा झाला, मग मी तसाच पुढे गेलो. बाबा तेव्हा कोपऱ्यात कुणाचंतरी जाळं सांधत बसले होते. होडीवर जाणं सोडल्यापासून ते तेच काम करतात. त्यांनी मान वर केली, बराच वेळ बघितलं आणि म्हणाले, "दार दर्याकडं नव्हतं रं." तुझ्यानंतर त्या घराविषयी ते बोललेलं पहिलं वाक्य ते.

त्यानंतर आमचे रविवार तसेच जाऊ लागले. ते जाळं घेऊन माझ्या शेजारी सरकून बसायचे. मी ठोकळे लावायचो, ते चुका काढायचे. "खिडकी एवडी मोठी नव्हती. धूर जायाला वाट नव्हती म्हून तर ती माज्याशी भांडायची." ती म्हणजे तू. एरवी ते तुझं नावच काढत नाहीत. चूल, मांडणी, पाण्याचा माठ, सुक्या मासळीचे डबे ठेवायची फळी, सगळं बांधून झालं. त्या गेममध्ये आपण जिथे अंथरूण टाकू, तिथूनच पुढच्या वेळी खेळ सुरू होतो. मी अंथरूण चुलीजवळ टाकलं, कारण पावसाळ्यात मी तिथेच झोपायचो. म्हणजे गेम उघडला की मी थेट तुझ्या स्वयंपाकघरात उभा. ही गोष्ट लक्षात ठेव, पुढे तिचाच घोळ झाला.

एक दिवस गेम उघडला आणि मधलं दार दिसेना. नुसती काळी पोकळी, आणि मग थोड्या वेळाने दार हळूच आलं. दुसऱ्या दिवशी पडदा गोठला. मग आवाज सुरू झाला, पत्र्यावर नखाने टिचकी मारावी तसा, थांबून थांबून. माझा स्वभाव तुला माहीत आहे. मी बोईसरला औषधांच्या एका कंपनीत पॅकिंगला आहे. खोक्यांवर चिकटण्याआधी लेबलं वाचायची, एखादं अक्षर चुकलं असेल तर सगळा गठ्ठा बाजूला काढायचा. दहावी पूर्ण नसताना हे काम मिळालं ते या स्वभावामुळेच. पण त्या आठवड्यात माझं लक्ष लेबलांत नव्हतं. शेजारच्या मशीनवरचा भैया म्हणाला, "अरे लेबलवाले, आज तेरे चेहरे पे एक्सपायरी डेट छपी है क्या?" मी हसलो नाही, म्हणून तो आणखी हसला.

घरी येऊन मी लॅपटॉप पालथा घातला, मागचे स्क्रू काढून एका वाटीत ठेवले, पंख्यातली धूळ ब्रशने काढली, चकतीचे पितळी दात खोडरबराने घासले, ती काढून पुन्हा नीट बसवली. आवाज तसाच. चकतीची तब्येत सांगणारा एक प्रोग्राम असतो, तो चालवला. पिवळ्या रंगात 'सावधान' असं काहीतरी आलं. वाचण्यात चूक झाली असेल म्हणून परत चालवला. मग मला सवय लागली. कामाला निघण्याआधी गेम उघडायचा, चूल आहे का, मांडणी आहे का, बघायचं, आणि बंद करायचा. आल्यावर पुन्हा तेच. बघितलं की बरं वाटायचं, पण ते बरं वाटणं रिक्षात बसेपर्यंतही टिकायचं नाही. शेजारच्या मावशी म्हणाल्या, त्यांच्या पोराने मोबाईलवर बघितलंय, अशी चकती बर्फात ठेवली की सुधारते, आणि बर्फाची पेटी काय, मासे विकायला त्यांच्याकडे होतीच. बाबा म्हणाले, "सरंगा हाय काय तो, बर्फात घालायाला?" मावशी म्हणाल्या, "मग तुमी करा त्याला काय ते. पोर जेवत नाय धड." मी खरंच थोडा वेळ विचार केला होता. मग पाणी सुटेल या भीतीने राहू दिलं.

शेवटी बोईसरला स्टेशनजवळच्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानदार उत्तर प्रदेशातला, पोटाला टेकवून लॅपटॉप उघडणारा. त्याने कान लावून आवाज ऐकला आणि लगेच बटण दाबून बंदच केला. "कितने दिन से चला रहे हो इसको ऐसे?" मी म्हणालो, रोज बघतो, फाईल शाबूत आहे का ते. "मरीज़ को रोज़ उठा के पूछते हो, ज़िंदा है क्या?" मग त्याने विचारलं, "गेम खोलते हो तो पहुँचते कहाँ हो?" मी म्हणालो, किचनमध्ये. "किसका किचन?" मी सांगितलं. तो थोडा वेळ स्क्रू शोधल्यासारखं करत राहिला. मग त्याने समजावलं की आपण जिथे उभे असतो तेवढाच तुकडा गेम चकतीवरून वाचतो, आणि बंद करताना तोच तुकडा पुन्हा लिहून ठेवतो. म्हणजे मी काही न बदलता नुसता बघून बाहेर पडलो तरी तेवढी जागा दरवेळी लिहिली जात होती, आणि चकती तिथेच झिजली असेल तर मी जखमेवरच खरवडत होतो. अंगण, विहीर, ओटा यांना काही होणार नव्हतं, कारण तिकडे मी फिरकतच नव्हतो. "पहले कॉपी, बाद में डॉक्टरी," तो म्हणाला. नवी चकती आणि जुनी बाहेरून जोडायची एक वायर त्याने दिली, काय करायचं ते दाखवलं. "चालू करके छोड़ देना. बीच में हाथ मत लगाना. बस यही तुमसे नहीं होगा."

रिक्षात मला तुझा सोड्यांचा डबा आठवला. बाहेर धो धो पाऊस, मी चौथीत असेन. तू पावसाळ्यासाठी कोळंबीचे सोडे वाळवून डब्यात भरून ठेवले होतेस, आणि मला भीती की त्यांना बुरशी लागेल. तू बाजाराला गेलीस की मी झाकण काढून बघायचो, वास घ्यायचो, परत लावायचो. तुला कळलं ते डब्याच्या तळाशी ओल दिसली तेव्हा. तू ओरडली नाहीस. तू चुलीपुढे बसली होतीस आणि फुंकणी खाली ठेवून म्हणालीस, "त्यांना काय बी झालं नव्हतं. तू बगून बगून झालं." मी रडायला लागलो, तर तू फळीवरची लोणच्याची रिकामी बरणी धुतलीस, पुसलीस, चुलीच्या धगीला सुकवलीस, आणि उरलेल्यांतले मूठभर सोडे त्यात भरून माझ्या हातात दिलेस. काचेची बरणी. "आता हिच्यातून बग हवं तितकं. झाकनाला हात नाय लावायाचा." मी ती बरणी उशाशी घेऊन झोपलो होतो. तू मला बघू नकोस असं कधीच म्हणाली नाहीस, हे मला रिक्षात, जागा कमी म्हणून माझ्याकडे रागाने बघणाऱ्या शेजारच्या एका बाईच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेलो असताना कळलं.

रविवारी दुपारी जेवण झाल्यावर कॉपी लावली. पडद्यावर एक पट्टी हळूहळू भरत जाते, तेवढंच बघायचं. बाबा जाळं घेऊन नेहमीच्या जागी बसले. पट्टी सरकते, थांबते. टिचकी वाजते, पुन्हा वाजते. माझा हात वायरकडे जातो आणि बाबा जाळ्यातून मान वर न करता म्हणतात, "हात मागं." मी हात मांडीखाली दाबून बसतो. "अडाकलं काय?" "नाही. जी जागा वाचता येत नाही ती सोडून पुढे जातंय." "म्हंजे भोकं पडनार." "हो." "कुटं?" "ते उघडल्यावरच कळेल." बाबा एकच गाठ मारत आणि सोडत होते, हे मला बऱ्याच वेळाने दिसलं.

पट्टी भरली. जुनी चकती काढून ठेवली, नवीवरून गेम उघडला. मी स्वयंपाकघरात उभा नव्हतो. दूर कुठेतरी मोकळ्या माळावर होतो, आणि तेव्हाच मला समजलं, कारण अंथरूण असतं तर खेळ तिथून सुरू झाला असता. तरी चालत गेलो. विहीर होती. बोंबील सुकवायच्या काठ्या होत्या. ओटा होता, पुढची खोली होती, मधल्या दाराची चौकट होती. आणि चौकटीपलीकडे गवत. वडी कापावी तशी सरळ रेषेत जमीन कापलेली, इकडे आपलं घर आणि तिकडे हिरवं गवत. गेमला जो तुकडा वाचता येत नाही तो गेम पहिल्यापासून बनवतो, तिथे कधी कुणी काही बांधलंच नव्हतं असा. त्या गवतावर दोन मेंढ्या उभ्या होत्या.

बाबा पुढे वाकले. "मेंढ्या कोनाच्या?"

"कुणाच्या नाहीत. गवत असलं की आपोआप येतात."

"आपल्याकडं मेंढ्या कदी नव्हत्या," ते म्हणाले, आणि हसले. मीही हसलो. मी मेंढ्यांना त्या जागेवरून हाकललं. त्या परत आत आल्या.

"बांदू परत," बाबा म्हणाले. मी म्हणालो, बांधू. दगडाचे ठोकळे घेतले, भिंत उचलली, आणि विचारलं, चूल कुठे घेऊ. "दाराच्या डाव्या अंगाला." मी थांबलो. मागच्या वेळी चूल उजवीकडे होती, आणि उजवीकडे घे असं त्यांनीच सांगितलं होतं. मी तसं बोललो. ते जाळ्यातला धागा बोटाला गुंडाळत राहिले. "मला काय म्हाईत, पोरा. दर्यावरनं आलो की ती ताट भायेर आनून द्यायाची. मी आत बसलो कदी? तू ठोकलं लावायचा, मी कायतरी बोलायचो. बोललो की तू बसायचा, नायतर कान झाकून त्या मारामारीत जायाचा."

"आणि खिडकी? धुरावरून भांडायची ती?"

"त्या खिडकीचं खरं हाय. भांडान खरं हाय." मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "पन तुला म्हाईत हाय ना? तू तर तितंच निजायचा."

मी हो म्हणालो.

हे सगळं मी कंपनीतल्या चुकलेल्या लेबलांच्या पाठकोऱ्या कागदांवर लिहितोय, आणि लिहिताना मधूनमधून थांबून डोळे मिटतोय. बरणी दिसते, फुंकणी दिसते, तू बसलेली दिसतेस. चूल दिसते ती चौकोनी, ठोकळ्याची, तिच्यातला जाळसुद्धा चौकोनी, मी बांधली होती तशी. तिच्याआधीची, धुराने काळी झालेली, तुझ्या हातची, ती येत नाही. उजवीकडे होती की डावीकडे, हे मी किती वेळ ताणून आठवलं तरी मला माझीच चूल दिसते. घराच्या आता तीन प्रती काढून तीन ठिकाणी ठेवल्यात, गवतासकट. भिंती आणि छप्पर झालंय. उद्या रविवार आहे, बाबा जाळं घेऊन सरकून बसतील आणि मी चूल कुठे ठेवतो ते बघतील, आणि मी ठेवीन ती जागा त्यांना खरी वाटेल. तुला पाठवायची सोय नाही म्हणूनच हे लिहून टाकतो. मला आठवत नाही, आये. मी डावीकडे ठेवणार आहे, कारण ते डावीकडे म्हणाले.