बॅटरीतलं गंगाजल

सारंगखेडा, १५ जानेवारी १९६७

चि. सुकलाल यास आबाचे अनेक आशीर्वाद.

दत्ताची यात्रा उठली, घोडे गेले, गाव सुनं झालं. घरात मी आणि रेडिओ. तुझी आई गेल्यापासून सकाळी माझ्याशी पहिला तोच बोलतो. त्याची बॅटरी आपला सालदार गडी बाज्या सायकलवरून शहाद्याला चार्जिंगला नेतो, पण हल्ली दोन दिवसांत घसा बसतो तिचा. तू तिकडे बिलायतेत मोटारीच्या बॅटरीत डोकं घालून बसलायस, तर बापाच्या बॅटरीचंही तेवढं बघ. आणि येणार कधी, ते लिही.

तुझा,
आबा

बर्मिंगहॅम, २ फेब्रुवारी १९६७

तीर्थरूप आबांस,
शि. सा. न. वि. वि.

बॅटरीतलं पाणी आटलं असेल. बुचं काढून पाणी घालावं, मात्र अगदी शुद्ध. विहिरीचं नको.

काल आमची मोटार पहिल्यांदा चालली, चाळीस पावलं! पेट्रोल नाही. टाकीतला हायड्रोजन हवेतल्या ऑक्सिजनला मिळतो, त्यातून वीज होते आणि चाकं फिरतात. मागून धूर नाही, नुसतं स्वच्छ पाणी ठिबकतं. मी ओंजळीत धरून प्यालो. साहेब म्हणतात, वीस वर्षांत सगळ्या मोटारी अशाच. मला एवढी घाई दिसत नाही.

माझं कंत्राट दोन वर्षं वाढलं. यंदाही येणं होत नाही. आईच्या वेळी मी नव्हतो, ते विसरलेलो नाही. राग धरू नये, लोभ ठेवावा.

आपला,
सुकलाल

सारंगखेडा, २६ फेब्रुवारी १९६७

चि. सुकलाल यास आशीर्वाद.

शुद्ध पाणी म्हणालास. आपल्या घरात शुद्ध ते एकच, देव्हाऱ्यातलं गंगाजल. तुझ्या आईच्या वेळी गडूचं तोंड फोडलं, दोन चमचे तिच्या तोंडात घातले, उरलेलं माझ्या वेळेसाठी ठेवलं होतं. ते सगळं बॅटरीत ओतलं. तरी चालेना, म्हणून मीच शहाद्याला घेऊन गेलो, तर बॅटरीवाला पोट धरून हसला. म्हणे तिला बाटलीतलं वेगळंच पाणी लागतं. "आबा, बॅटरीले मोक्ष भेटना!" मिळाला म्हणे तिला मोक्ष. मीही हसलो. घरी आल्यावर मात्र हसू आलं नाही. रेडिओ मुका आणि गडू रिकामा.

शेजारची कमलीबाई काशीला चालली आहे, नवं गंगाजल आणते म्हणाली. मी नको म्हटलं. तुझ्या मोटारीचं पाणी एका बाटलीत धरून ठेव, मला तेच चालेल. पण पार्सल करू नकोस, नाहीतर ते कमलीबाईच्या हातून माझ्या तोंडात पडायचं. तू घेऊन ये, आणि तूच घाल.

दोन वर्षं मी कशीबशी रेटतो.

तुझा,
आबा